एकांकिकेनंतरचं पहिलं दोन अंकी नाटक : विद्यार्थ्यांकडून ते कसं बसवून घ्यावं

आपल्याकडे कॉलेजची मुलं नाटक शिकतात ती एकांकिकेतून. पुण्यात 1963 पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा असो की गावोगावच्या इतर स्पर्धा, तासाभरात सगळं दाखवून मोकळं व्हायचं ही सवय तिथे अंगात मुरते. ती शाळा उत्तमच आहे. पण तिथली मुलं पहिल्यांदा दोन अंकी नाटकाला हात घालतात तेव्हा त्याच सवयी आड येतात. एकांकिकेत शेवटच्या चार रात्री जागून सगळं जुळवता येतं आणि दिग्दर्शक सगळं डोक्यात ठेवू शकतो. दोन तासांच्या नाटकात प्रकाशाचे पन्नासेक क्यू (म्हणजे नेमक्या क्षणी करायचे बदल), ध्वनीचे पंचवीस-तीस, हातात घ्यायच्या साठ-सत्तर वस्तू आणि दहा-बारा कपडेबदल असतात. ते डोक्यात मावत नाही. मावलं तरी ते एकाच डोक्यात राहतं, आणि प्रयोगाच्या दिवशी ते डोकं प्रेक्षागृहात बसलेलं असतं.

म्हणून मुलांना अभिनयाच्या बरोबरीनं शिकवायची गोष्ट म्हणजे ठरलेलं सगळं बाडात, म्हणजे संहितेच्या मुख्य फाइलीत, लिहिणं आणि लिहिलेल्यावरून प्रयोग चालवणं. पुढची सगळी मांडणी 15 ते 18 मुलं, 10 आठवडे, आठवड्याचे 5 दिवस, रोज अडीच ते तीन तासांची तालीम आणि शेवटी भाड्याच्या नाट्यगृहात एक प्रयोग, असं धरून केली आहे. अंतर्गत परीक्षा, सबमिशन आणि सणाच्या सुट्ट्या कॅलेंडरवर आधी खुणावून मगच प्रयोगाची तारीख घ्या.

संहिता आणि परवानग्या

पहिल्या खेपेला एकच स्थळ, सहा ते दहा पात्रं आणि शक्यतो आजचा काळ असलेलं नाटक निवडा. मुलांना पाच स्थळांचं, तीन काळांचं, कोरस असलेलं काहीतरी करायचं असतं. त्यांना ते पुढच्या वर्षी करू द्या. न सरावलेल्या हातांना एक स्थळबदल अंधारात करायला दीड मिनिट सहज लागतं, आणि दीड मिनिट काळोखात बसलेला प्रेक्षक मोबाइल बाहेर काढतो.

निवडलेली संहिता एकदा घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. हालचाली, थांबे आणि प्रेक्षकांचं हसणं यांचे 15 ते 20 टक्के त्यात मिळवा. वाचनाला 90 मिनिटं लागली तर प्रयोग 105 ते 110 मिनिटांचा होणार, वर 10-15 मिनिटांचं मध्यंतर. कापाकापी करायची तर लेखकाला विचारून आणि हालचाली बसवण्याआधी करा. पाठ झालेलं वाक्य काढलं की नटाच्या डोक्यात त्याच्या मागचं-पुढचंही हलतं.

परवानगीचं काम पहिल्याच आठवड्यात उरका. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो, आणि ही मोजणी मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून सुरू होते. गडकरी 1919 साली गेले आणि खाडिलकर 1948 साली, त्यामुळे त्यांची नाटकं मोकळी आहेत. आचार्य अत्रे 1969 साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांसाठी 2029 संपेपर्यंत परवानगी लागणारच. भाषांतरित नाटक असेल तर मूळ लेखकाचा हक्क वेगळा आणि भाषांतरकाराचा वेगळा. कॉलेजच्या उपक्रमात, कॉलेजच्याच लोकांपुढे आणि पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून बाहेरचा प्रेक्षक बोलावला की ती सवलत धरून चालू नका. परवानगी लेखी घ्या, आणि मानधन प्रत्येक प्रयोगाला की एकरकमी हे त्या कागदावरच येऊ द्या.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पाठवलेली प्रत आणि तुम्ही बसवत असलेली प्रत एकच असू द्या. मंडळानं सुचवलेला बदल रंगीत तालमीच्या आठवड्यात हाती पडला तर ऐन वेळी तारांबळ उडते.

कामं वाटताना

प्रत्येक नटाकडे एक पडद्यामागचं खातं हवं: नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, वस्तू, तिकीट-जाहिरात, हिशेब. मात्र मोठ्या भूमिकेतल्या दोघा-तिघांना जड खातं देऊ नका. आणि तीन-चार मुलं मुळीच अभिनय न करणारी हवीत: रंगमंच व्यवस्थापक, त्याचा विंगेतला (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातला) मदतनीस, प्रकाश चालवणारा आणि ध्वनी चालवणारा.

रंगमंच व्यवस्थापक म्हणून सहसा ऑडिशनमध्ये मागे पडलेल्या मुलाला बसवतात. हे साफ चुकीचं आहे. गटातलं सगळ्यात वक्तशीर, वरिष्ठांनाही ‘गप्प बस’ म्हणू शकणारं आणि अक्षर वाचता येईल असं मूल तिथे हवं. भूमिका वाटण्याआधी ही निवड करा आणि सगळ्यांसमोर जाहीर करा, म्हणजे ते दुय्यम काम नाही हे आपोआप कळतं.

हिशेब ठेवणाऱ्याला खर्चाचे रकाने पहिल्या दिवशी पाडून द्या: नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत, लेखकाचं मानधन, नेपथ्य, दिवे आणि साउंडचं भाडं, टेम्पो, कपडे, रंगभूषा, छपाई, चहा-नाश्ता. एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाजूला ठेवा. तो टेम्पोच्या जादा फेरीत आणि ऐन वेळच्या प्लायवुडमध्ये जातोच.

वाचन : पहिले आठ-नऊ दिवस

बसून वाचायला निदान आठवडा द्या. मुलं चौथ्या दिवशीच ‘सर, उभं राहून करू या ना’ म्हणायला लागतात. ऐकू नका. पहिली दोन वाचनं सपाट, अभिनय न करता. त्यानंतर नाटकाचे तुकडे पाडा: कोणी आत आलं, कोणी बाहेर गेलं किंवा विषय बदलला की नवा तुकडा. दोन अंकांचे साधारण 25 ते 35 तुकडे पडतात. प्रत्येकाला आकडा आणि एक साधं नाव द्या, ‘तुकडा 9, पत्र सापडतं’ असं.

मग रंगमंच व्यवस्थापकानं एका मोठ्या कागदावर तक्ता करायचा. उभ्या ओळीत पात्रं, आडव्या ओळीत तुकडे, जिथे पात्र आहे तिथे फुली. या एका कागदावरून रोजची तालीम ठरते: आज 4, 7 आणि 11, म्हणजे फक्त चौघांनी यायचं. बाकीच्यांना पडद्यामागच्या खात्याचं काम करता येतं. तक्ता नसेल तर पंधराजण रोज तीन तास भिंतीला टेकून रील्स बघत बसतात आणि चौथ्या आठवड्यात दोघं गळतात.

वाचनातच मराठीची एक खोड धरून ठेवा. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही’ या वाक्यात नटाचा श्वास ‘ठेवणार’ला संपला तर दहाव्या रांगेला नेमका उलटा अर्थ ऐकू जातो. जवळजवळ सगळी नवी मुलं वाक्याचं शेपूट गिळतात. उपाय साधा आहे: पेन्सिलीनं प्रत्येक लांब वाक्यातली श्वासाची जागा खुणवा आणि आठवडाभर शेवटच्या दोन शब्दांवर आवाज चढवून वाचायला लावा. ऐकायला विचित्र वाटतं. नंतर चढवणं सोडलं तरी शेवट टिकून राहतो.

जागा आखणं आणि हालचाली

हालचाली बसवण्याआधी नाट्यगृहात जाऊन टेपनं मोजा: रंगमंचाच्या चौकटीची रुंदी, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, दोन्ही विंगांची रुंदी, सामान आत नेण्याच्या दाराची उंची-रुंदी, मेकअप रूमपासून दोन्ही विंगांपर्यंतचं अंतर. मागच्या पडद्याआडून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला वाट आहे का तेही बघा. नसेल तर डावीकडे गेलेला नट दोन पानांनी उजवीकडून येऊ शकणार नाही, आणि हे प्रयोगाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

तेवढीच जागा कॉलेजच्या हॉलमध्ये रंगीत टेपनं आखा. दार, खिडकी, लेव्हलच्या (उंच चौथऱ्याच्या) कडा सगळं जमिनीवर दिसू द्या. हॉल लहान असेल तर नेपथ्य आक्रसू नका, मागची पट्टी कापा. पावलांचा हिशेब तालमीत बसतो आणि तो नंतर बदलायला आठवडा जातो. डावं-उजवं नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं. हे पहिल्या दिवशी ठरवा आणि दिवे लावणाऱ्यालाही तेच सांगा.

बाड तयार करायची रीत अशी. संहितेची प्रत एकाच बाजूला छापून घ्यायची आणि जाड फाइलमध्ये लावायची. छापील पान उजवीकडे येतं, डावीकडे कोरं पान राहतं. संवादातल्या नेमक्या शब्दावर आकडा टाकायचा आणि डाव्या पानावर त्याच आकड्यासमोर हालचाल लिहायची: ‘3, माई खुर्चीवरून उठून खिडकीपाशी, पाठमोरी’. छोटा नकाशाही काढायचा. हे सगळं पेन्सिलीनं. क्यूंसाठी त्याच पानावर उजव्या कडेला दोन रकाने मोकळे सोडायचे. बाड रोज रात्री मोबाइलवर पानागणिक फोटो काढून ड्राइव्हवर चढवायचं. रिक्षात राहिलेली फाइल परत मिळत नाही.

एका तालमीत सहा ते सात पानांपेक्षा जास्त हालचाली बसवू नका. दुसऱ्या दिवशी आधी कालची पानं, मग नवी. साधारण चौथ्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही अंक कच्चे उभे राहतात. एकांकिकेतून आलेली मुलं इथे दोन गोष्टी करतात. एक, सतत हलत राहतात, कारण स्पर्धेत रंगमंच भरलेला दिसावा लागतो. दोन, पहिल्याच प्रवेशात सगळा आवाज खर्च करतात. दोन तासांच्या नाटकात पहिल्या वीस मिनिटांत किंचाळून झालं की दुसऱ्या अंकातल्या भांडणासाठी काही उरत नाही. प्रत्येक मुख्य पात्राचा चढ तुकड्यांच्या आकड्यांवर मांडा: रमेशचा आवाज तुकडा 22 च्या आधी कुठेही पूर्ण लागायचा नाही. असा आकडा दिला की मुलांना ते लगेच कळतं. ‘जरा संयत कर’ म्हटल्यानं काहीच कळत नाही.

पाठांतर आणि घसरण्याच्या जागा

पहिला अंक पाचव्या आठवड्याच्या सोमवारी, दुसरा सहाव्याच्या सोमवारी, हातात कागद नाही. त्यानंतर पहिला आठवडा अडलं की ‘लाइन’ म्हणायचं आणि प्रॉम्प्टरनं (बाड बघून ओळ आठवून देणाऱ्यानं) फक्त पहिले तीन शब्द द्यायचे, भावना न घालता. सातव्या आठवड्यापासून प्रॉम्प्टिंग बंद. अडले तर आपापसांत सावरायचं. चुकलेल्या ओळी प्रॉम्प्टर लिहून ठेवतो आणि तालमीनंतर चिठ्ठ्या वाटतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे त्याची थट्टा होते.

दोन अंकी नाटकातला सगळ्यात धोकादायक अपघात म्हणजे उडी. समजा पान 18 वर बाबा म्हणतात, ‘मग काय करायचं म्हणतेस?’ आणि पान 41 वरही बाबा जवळपास तेच म्हणतात. थकलेली मुलगी 18 वर 41 चं उत्तर देते, समोरचाही सवयीनं पुढचं वाक्य टाकतो, आणि तेवीस पानं गायब. त्यात एका पात्राचा प्रवेशच गेला, कारण त्याची एंट्री पान 30 वर होती. विंगेत तो कपडे घालून उभा, आणि प्रकाशवाल्याला कळेना कुठला क्यू.

हे टाळता येतं. पाठांतर सुरू होण्याआधी प्रॉम्प्टरनं सारखी वाक्यं शोधून बाडात लाल खूण करायची. अशा जागी दोन्ही ठिकाणच्या हालचाली मुद्दाम वेगळ्या ठेवा: एकीकडे बसून, दुसरीकडे दाराशी उभं राहून. शरीर वेगळ्या जागी असलं की जीभ घसरत नाही. तरीही उडी पडलीच तर परत येण्याचं एक वाक्य प्रत्येक लाल खुणेपाशी आधी ठरवून ठेवा, आणि ते म्हणण्याची जबाबदारी एकाच नटाची. ‘थांब, आधी दादाचं काय ते सांग’ एवढं पुरतं. सातव्या आठवड्यात एक तालीम फक्त याच सरावाची करा: दिग्दर्शक एकाला कानात सांगून मुद्दाम उडी मारायला लावतो, बाकीच्यांनी परत आणायचं. मुलांना हा खेळ भयंकर आवडतो.

नेपथ्य, दिवे, ध्वनी

फ्लॅट, म्हणजे भिंत म्हणून उभ्या करायच्या चौकटी, 8 बाय 4 फुटांचे करा, कारण प्लायवुड त्याच मापात मिळतं. लाकडी चौकटीवर पातळ प्लाय किंवा ताणलेलं कापड. कापड हलकं, पण दार आपटलं की भिंत थरथरते. दाराशेजारचे दोन फ्लॅट तरी प्लायचे हवेत. प्रत्येक दुसऱ्या फ्लॅटला मागून तिरका टेकू आणि टेकूवर वाळूची पिशवी. रंगमंचाच्या फळ्यांना खिळे मारू देतात की नाही हे व्यवस्थापनाला आधी विचारा, बहुतेक ठिकाणी देत नाहीत. दार मागे, विंगेच्या बाजूला उघडणारं आणि बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला असाव्यात. म्हणजे उघडलेली फळी विंगेतली मुलं झाकते. लेव्हलवर प्लायखाली जुना गालिचा टाका, नाहीतर चालताना ढोल वाजतो. पायरी सहा-सात इंचांपेक्षा उंच नको, साडीत पाय अडकतो. टेम्पो ठरवताना मापं सांगा: छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब असतो, आठ फुटी फ्लॅट त्यात उभे दोरीनं बांधून न्यावे लागतात.

नेपथ्य उभं राहिल्यावर पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून बघा. कोपऱ्यातून मागचा पलंग दिसत नसेल तर त्यावरचा प्रवेश तिथल्या वीस तिकिटांसाठी रेडिओवरचं नाटक होतो.

दिव्यांबाबत दोनच गोष्टी नीट शिकवा, बाकी प्रकाशयोजनेचा विद्यार्थी हळूहळू शिकतो. पहिली, विजेचा हिशेब. 230 व्होल्टवर 1000 वॉटचा दिवा सुमारे साडेचार अँपियर ओढतो. म्हणजे 15 अँपियरच्या एका लाइनवर तीन दिवे. चौथा लावला की वायर तापते किंवा एमसीबी पडतो, आणि तो पडतो नेमका सगळे दिवे एकदम लागणाऱ्या शेवटच्या प्रवेशात. एलईडी दिवे फार कमी वीज खातात, पण स्वस्त एलईडी मंद करताना झटके देतात, त्यामुळे सावकाश अंधार करायच्या जागी जुने दिवे ठेवा. दुसरी गोष्ट कोन. समोरून आडवा प्रकाश टाकला की चेहरा सपाट, डोक्यावरून टाकला की डोळ्यांच्या जागी खड्डे. समोर-वरून सुमारे 45 अंशांनी, दोन्ही बाजूंनी, एक बाजू थोडी उबदार आणि दुसरी थोडी थंड, एवढ्यावर घरातलं नाटक निभावतं. रंगीत प्रकाश नक्की करायच्या आधी कपडे त्याखाली धरून बघा. लाल प्रकाशात हिरवी साडी काळी दिसते.

ध्वनीच्या फायली क्रमांक लावून ठेवा, 01, 02 असं, म्हणजे यादी उलटसुलट होत नाही. दोन लॅपटॉप किंवा एक लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह. इंटरनेट बंद, नोटिफिकेशन बंद. दारावरची घंटा प्रेक्षागृहातल्या स्पीकरमधून आली तर खोटी वाटते. विंगेत खरी बेल लावून मदतनीसाला दाबू द्या.

वस्तू आणि कपडे

विंगेत दोन्ही बाजूंना एकेक टेबल. त्यावर पांढरा कागद चिकटवायचा, प्रत्येक वस्तू ठेवून मार्करनं तिची बाह्यरेषा काढायची आणि आत नाव लिहायचं. अंक सुरू होण्याआधी एका नजरेत रिकामी रेषा दिसते. वस्तू घेणाऱ्यानंच परत तिथे ठेवायची. ‘मी ठेवतो रे’ म्हणणाऱ्या मित्राकडे दिलेला चष्मा कायमचा जातो.

स्टेजवर खायचं असेल तर ओलसर आणि पटकन गिळता येणारं. चिवडा, शेव, कोरडे पोहे नकोत, ठसका लागतो. केळं चांगलं. काचेचे पेले टाळा, फुटले तर अनवाणी पात्रं उरलेला अंक तुकड्यांवरून चालतात.

कपडेबदलांची यादी मिनिटांसकट करा. दोन मिनिटांच्या आत करायचा प्रत्येक बदल विंगेतच, मदतनीसासह, अंधारात, निदान पाच वेळा सराव करून. नऊवारी घाईत नेसवता येत नाही. शिवलेली घ्या किंवा प्रवेशांचा क्रम बघून ती आधीपासून नेसवून ठेवा. बटणांच्या जागी वेल्क्रो लावलं तर दृश्य शांत असताना ते काढू नका, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. रंगभूषेसाठी पहिल्या वर्षी अनुभवी माणूस बोलवा आणि एक विद्यार्थिनी त्याच्या शेजारी उभी करा.

सलग तालमी आणि तांत्रिक तालीम

सातव्या-आठव्या आठवड्यात रोज एक अंक सलग, न थांबवता. प्रत्येक वेळी अंकाची वेळ लिहा. पहिला अंक 56 मिनिटांचा होता तो 61 झाला, तर नवी वाक्यं आलेली नसतात. दोन संवादांमधली गॅप वाढलेली असते किंवा कोणीतरी हशाची वाट बघत थांबायला लागलेलं असतं. सूचना तालमीनंतर द्या, अर्ध्या तासात संपवा आणि एकाला एका दिवशी तीनपेक्षा जास्त नकोत. चौथी तो विसरतोच.

नवव्या आठवड्यात तांत्रिक तालीम. सबंध रविवार राखून ठेवा, सहा ते आठ तास. इथे अभिनय करायचा नाही. क्यूच्या आधीची दोन वाक्यं, क्यू, नंतरचं एक वाक्य, आणि पुढच्या क्यूवर उडी. बाडात क्यू असा दिसला पाहिजे: ‘प्रकाश 14, पान 31, माईच्या “कडी लावून घे” नंतर कडीचा आवाज झाल्यावर, खोलीतला प्रकाश 80 वरून 40 टक्के, 6 सेकंदांत.’ ‘प्रसंग गंभीर झाल्यावर’ असं लिहिलेला क्यू कधीच वेळेवर पडत नाही.

क्यू देण्याची भाषा ठरलेली हवी. अर्धं पान आधी ‘प्रकाश 14 तयार’, चालवणाऱ्यानं ‘तयार’ असं उत्तर द्यायचं, आणि नेमक्या क्षणी ‘प्रकाश 14, गो’. ‘गो’ हा शब्द त्या लाइनवर दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही. नाट्यगृहात इंटरकॉम नसेल तर वॉकीटॉकी भाड्यानं घ्या. जाड भिंतींच्या आत फोनची रेंज ऐन वेळी जाते. क्यू व्यवस्थापकच देणार, दिग्दर्शक मध्ये बोलणार नाही. हे दिग्दर्शकाला सगळ्यात जड जातं, म्हणून तांत्रिक तालमीपासूनच त्याला सातव्या रांगेत बसवा.

दहाव्या आठवड्यात दोन रंगीत तालमी, कपडे, रंगभूषा, मध्यंतर, सगळ्यासकट. दुसरीला पंधरा-वीस अनोळखी माणसं बसवा. हशा आल्यावर पुढचं वाक्य कधी घ्यायचं हे रिकाम्या खुर्च्यांपुढे शिकवता येत नाही: हशा चढून उतरायला लागला की घ्यायचं, पूर्ण शांत होण्याची वाट बघायची नाही.

प्रयोगाचा दिवस

नाट्यगृहं सत्रावर मिळतात. ताबा साडेतीनला, प्रयोग सहाला आणि नऊला जागा सोडायची, असं धरून:

3:30 – दिवे टांगणं आधी. नेपथ्य उभं राहिलं की शिडी फिरवता येत नाही. त्याच वेळी टेम्पो रिकामा करून सामान विंगेत.
4:00 – लेव्हल्स, मग मागचे फ्लॅट, मग दार. रंगभूषा सुरू, ज्यांची एंट्री उशिरा ते शेवटी.
4:40 – दिव्यांचे रोख. प्रत्येक ठरलेल्या जागी कोणीतरी उभं राहायचं, नटच असले पाहिजेत असं नाही.
5:10 – ध्वनीची पातळी. रिकाम्या सभागृहात ठीक वाटते त्याहून थोडी जास्त ठेवा, भरलेलं सभागृह आवाज पितं.
5:25 – नट नेपथ्यावर फिरतात, दारं उघडतात, पायऱ्या चढतात. वस्तूंच्या टेबलांची तपासणी.
5:40 – नटराजाची पूजा आणि नारळ. रंगमंच झाडून रिकामा.
5:45 – प्रेक्षकांना आत सोडणं.
5:50, 5:55, 6:00 – तीन घंटा.

नारळ खेळण्याच्या जागेवर फोडू नका. पाणी फळ्यांवर सांडतं, घाईत नीट पुसलं जात नाही, आणि पहिल्याच एंट्रीला पाय घसरतो. तिसऱ्या घंटेचा हुकूम व्यवस्थापकाचा. प्रमुख पाहुणे वाटेत आहेत म्हणून वीस मिनिटं थांबलात तर ती वीस मिनिटं शेवटी आवराआवरीतून जातात आणि नाट्यगृह जादा भाडं लावतं.

वीज गेली तर नटांनी जागेवर गोठून उभं राहायचं, कोणी पुढे येऊन विनोद करायचा नाही. मिनिटभरात आली नाही तर व्यवस्थापक पडदा घेतो आणि आल्यावर त्या तुकड्याच्या सुरुवातीपासून पुन्हा. नट विंगेत पोचलाच नाही तर रंगमंचावरच्यांनी काय बोलायचं हे प्रत्येक एंट्रीसाठी ठरवणं शक्य नाही. दोन मोठ्या एंट्र्यांसाठी मात्र ठरवून ठेवा.

प्रयोगानंतर

पडदा पडल्यावर फुलं-फोटो दहा मिनिटं. मग नट कपडे बदलून आवराआवरीला. नेपथ्य उतरवण्याचा क्रम उभारण्याच्या उलटा आणि दिवे थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. भाड्याच्या वस्तू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत, पावती हिशेबवाल्याकडे. अनामत रक्कम मागायला एकाचंच नाव ठरवा, नाहीतर ती सहा महिने तशीच पडून राहते.

दुसरा प्रयोग पंधरा-वीस दिवसांनी असेल तर तो हमखास ढिला पडतो. पहिल्याच्या यशानं मुलं तालमीला यायची बंद होतात. सगळं नाटक पुन्हा घेण्याची गरज नसते. आदल्या दिवशी बसून, भराभर, निम्म्या आवाजात दोन्ही अंकांचं संवादवाचन. मग उभं राहून फक्त तीन गोष्टी: लाल खुणांच्या जागा, दोन मिनिटांच्या आतले कपडेबदल आणि प्रकाश-ध्वनी एकत्र पडणारे क्यू. व्यवस्थापक पहिल्या प्रयोगाला होता तोच ठेवा. तो येऊ शकत नसेल तर बदली मुलानं एकदा बाड घेऊन, घड्याळ लावून, सगळे क्यू तोंडानं म्हणत पूर्ण नाटक एकट्यानं चालवून बघायचं.